इश्यू आज पाचला बंद

“साडेचार वाजले, सूनबाई. पाचला शेअरचा इश्यू बंद होतोय. बँकेचा तो पैशांचा मेसेज मंजूर कर.”

यशवंतराव तिसऱ्यांदा स्वयंपाकघराच्या दारात आले होते. अल्पनाने वळूनही पाहिलं नाही. ती उर्वीला वरणभात भरवत होती आणि घास जरा जोरातच कालवत होती.

“माझे दोन लाख आहेत, बाबा. तीन वर्षं ट्यूशन घेऊन जमवलेत. उर्वीच्या आणि माझ्या टोरांटोच्या तिकिटाचे.”

“तिकीट कुठे पळून जातंय? शेअर बाजारात यायच्या आधीच ग्रे मार्केटमध्ये भाव दुप्पट चाललाय. आपला अंशुल टोरांटोला त्याच सेतूकॉल कंपनीत, आणि आपणच शेअर घ्यायचे नाहीत? महाराष्ट्र समाजात सगळ्यांना सांगून बसलोय मी.”

“सांगायच्या आधी मला विचारलं होतंत?”

“फॉर्म भरताना तरी कुठे विचारलं?” मधल्या खोलीतून सासूबाई, सुमंगलाबाई, बोलल्या. “तिचाच मोबाइल घेऊन भरला. कमाल करते हो आप भी!”

“तू गप. तुला काय कळतं सेतूकॉलमधलं?” यशवंतराव निवृत्त गणित शिक्षक, रागावले की वर्गात उभे असल्यासारखे बोलत. “तार नाही, खांब नाही, इंटरनेटवरून फोन! घरबसल्या हव्या त्या देशाचा नंबर मिळतो. आपल्या इंदूरचे व्यापारी इथेच बसून लंडनच्या नंबरावरून बोलतात. खर्च नाही, नफाच नफा. पुढच्या पाच वर्षांत…”

“पुढच्या पाच वर्षांत उर्वी शाळेत जाईल. बाप तिने अजून नुसता ऐकलाय. बोरन्हाणाला तो आला नाही. हनुवटीला टाके पडले तेव्हा आला नाही. दर वेळी सुट्टी नाही. तो येत नाही ना? मग आम्ही जातो.”

उर्वीने भाताचा हात आईच्या गालावर फिरवला. अल्पनाने ती चिकट बोटं एकेक करून ओठांनी पुसली. राग मात्र पुसला गेला नाही.

फोन वाजला. टोरांटोचा नंबर. हात खरकटे म्हणून तिने कोपराने स्पीकर लावला.

“व्हिडिओ लाव,” ती म्हणाली.

“ऑफिसात मनाई आहे गं, सकाळची शिफ्ट,” अंशुल म्हणाला. “ऐक, बाबांनी फॉर्म भरलाय ना? मंजूर करून टाक.”

“मी तिकीट काढणार आहे. आजच. सहाला एजंटकडे जायचंय.”

अंशुलचा आवाज चढला.

“आज? वेडी झालीस का? इथल्या थंडीत पोरीला घेऊन कुठे येतेस? पैसे लाव. वर्षभर विकू नकोस. मग मी स्वतः येतो तुम्हाला न्यायला.”

“मागच्या वर्षीही हेच म्हणालास.”

“या वेळी नक्की. शप्पथ.”

“कोणाची?”

“उर्वीची.”

अल्पनाचा आवाज चिरकला. “तिच्यावर घालतोस? खूप राग येतो रे मला तुझा. सकाळी डोळे उघडले की आधी तोच येतो.”

“येऊ दे. पण भरवसा तरी आहे ना?”

यशवंतराव घड्याळाकडे बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. चार बावन्न. उर्वी फोनकडे हात करून “बाबा, बाबा” करत होती. पोरीच्या तोंडी ‘आई’च्या आधी तोच शब्द आला होता.

अल्पनाने हात धुतले, पदराला पुसले. मेसेज उघडला. पिन टाकला.

“झालं,” ती म्हणाली. “गेले माझे तिकिटाचे.”

“वा रे पठ्ठी!” यशवंतरावांनी टाळी वाजवली. सुमंगलाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

अंशुलने सुटकेचा लांब श्वास सोडला. “आता बाबाला पापी दे बघू, उर्वी.”

उर्वीने भातभरले ओठ मोबाइलला टेकवले. पलीकडून पापीचा आवाज आला, आणि त्याच्या मागून अस्सल इंदुरी बोलीत कंडक्टर घसा फोडून ओरडला:

“धार, गंधवानी, कुक्षी! चलो भिया, बैठो, बस छूट री है!”