बिडाचा तवा

वजनकाट्यावर गाडीमागे ओढायची कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, परवानगीपेक्षा तीस किलो जास्त भरली आणि एमलिनच्या अंगात आलं. “अख्खं घर उचलून आणतेस!” म्हणत त्यानं बायकोच्या मुरंब्याच्या बरण्या, घोंगड्या, खुर्च्या बाहेर काढल्या, तिच्या आईचा बिडाचा तवाही. दर उन्हाळ्यात टेन्बीच्या किनाऱ्यावर ती त्यावरच मनुकांचे चपटे केक भाजायची. “तेवढा राहू दे रे.” “वाटेत टायर फुटला म्हणजे?” ती हिरमुसली. “निदान चहा टाकते,” म्हणत तिनं आत जाऊन नळ सोडला. धो धो पाणी आलं. “एमलिन, टाकी मुक्कामाला पोचल्यावर भरतात ना? ही कुणी भरली?” तो एकदम चाकं तपासू लागला. “तिथं नळाला रांग असते, म्हणून...” तिनं टाकीचं बूच काढलं. चाळीस लिटर, म्हणजे चाळीस किलो पाणी वाहून गेलं. तवा त्यानंच आत नेला. “केक करशील ना?” “करीन की. तुझे मात्र काट्यावर तोलून.”