शेवटच्या रांगेतून

भाचीनं हट्टच धरला म्हणून शुभदा परभणीला सिनेमाला गेली. कॉमिक्समधून उचललेला मुखवट्यातला नायक पडद्यावर एकेका गुंडाची हाडं मोडत होता आणि सगळं थिएटर शिट्ट्या वाजवत होतं. तिला त्या उसन्या शौर्याची शिसारी आली. सोनपेठच्या भर बाजारात वाळूचोरांनी तिच्या वडिलांना, परमेश्वर गुरुजींना, लोखंडी गजांनी मारून टाकलं, तेव्हा अशीच दोनशे माणसं मुकाट उभी होती. समोरच्या हॉटेलाचे मालक बन्सीधरकाका तर कोर्टात म्हणाले होते, "चष्मा घरी राहिला होता, साहेब. मारणारांची तोंडं काही दिसली न्हाईत." आरोपी सुटले.

एवढ्यात शेवटच्या रांगेतून ओळखीचा आवाज गरजला, "अरं, मागं बघ! खांबाआड हाय त्यो, डाव्या हातात सुरा हाय! सोडू नको त्याला!"

शुभदानं वळून पाहिलं. पडद्याच्या उजेडात बन्सीधरकाका उभे राहून मुठी आवळत होते.



चष्मा आजही घरीच राहिला होता.