बत्तिसावा हिस्सा

“साहेब, तुम्ही हे कपाटात ठेवून मारलं!” शेवंतानं सीलबंद डबा टेबलावर आपटला. तिरोडीच्या खाणमजुराची ही लेक बालाघाटच्या कॉलेजात तीन वर्षं उंदरांच्या लाळग्रंथींतून एक द्रव्य गाळत होती. ‘वाढ!’ हा त्याचा निरोप पेशी कुठल्या दाराशी घेते, हे त्या द्रव्याला किरणोत्सारी आयोडीनची खूण लावली तरच दिसणार होतं. आयोडीन आलं आणि कॉलेजचं भांडार सांभाळणाऱ्या या साहेबांच्या सहीसाठी चाळीस दिवस अडलं. “मॅडम, सील तो देखिए! कोणी बोट नाही लावलं.” “दर आठ दिवसांत ते अर्धं विझते, साहेब, बंद डब्यातबी. पाचदा अर्धं होऊन आता बत्तिसावा हिस्सा उरला.” “मग दुसरं मागवा!” “उद्या माझी शिष्यवृत्ती संपते. मले कोण देते पुन्हा?” साहेबांनी पावती सरकवली. “माल मिळाला, सही करा.” तिनं पेन त्यांच्याच हातात कोंबलं. “तुमची सही चाळीस दिवस काहून नाही झाली? लिहा!”