मागाचा खड्डा

“माग कुठंय?” मोबाइल फोटोसाठी वर धरत प्रीती मॅडमनी विचारलं. त्या कर्जाच्या तपासणीला आल्या होत्या.

“तुमी जिथं उभ्या हा, तिथंच हाये,” वामनराव म्हणाले. “फरशीखाली.”

मॅडम चटकन बाजूला सरकल्या. आता हसावं की रडावं! हातमागाच्या योजनेत कर्ज मंजूर होतं, सूतही मिळणार होतं. फक्त चालू मागावर बसलेल्या विणकराचा फोटो हवा होता. आणि उमरेडच्या ह्या एका खोलीतला, पाय खाली सोडून विणायला बसायचा मागाचा खड्डा गेल्या साली वामनरावांनी आपल्याच हातांनी बुजवला होता. घरकुलाचा इंजिनिअर म्हणाला होता, जमीन सपाट पाहिजे, नाहीतर हप्ता नाही. त्यांनी नि बायकोनं, कुसुमताईंनी, टोपल्यांनी मुरूम वाहिला, वर फरशी बसवली. वरून पेढेही वाटले, घ्या!

“दुसरीकडे खणा ना खड्डा.”

“दुसरीकडं म्हंजे रस्त्यावर, मॅडम.”

दाराच्या चौकटीत त्यांचा मुलगा आयुष बॅग घेऊन उभा होता. शहरात, मनीषनगरात एका बिल्डिंगीवर वॉचमनची नोकरी ठरली होती. पण सकाळीच तो म्हणाला होता, “कर्ज झालं तं मी नाही जात, बाबा. दोघं मिळून इनू.” पोराचा हात मागावर असा बसला होता, की साडीचा काठ तो बापापेक्षा सफाईनं काढायचा.

वामनरावांनी कोपऱ्यातली लोखंडी सब्बल उचलली. “सांजेपर्यंत थांबा. फोडतो, खोलून ठेवलेला माग मांडतो नं बसतो.”

“अहो, नका! घरकुलाचा शेवटचा हप्ता यायचाय ना? फरशी फुटलेली दिसली तर तो अडकेल.” मॅडमचा आवाज पडला. “आणि माझी आज शेवटची तारीख आहे, काका.”

कुसुमताईंनी सब्बल धरली. “काहून फोडता? त्या हप्त्यातून दार लावाचं हाये. घराले अजून दार नाही.”

वामनरावांनी चौकटीकडे पाहिलं. हातातली सब्बल त्यांनी सोडली.

आयुषनं बॅग खांद्यावर टाकली. “येतो, बाबा. बस सुटन.” उघड्या चौकटीतून तो गेला. मागोमाग मॅडमही गेल्या.

वामनराव मागाच्या जागी खाली बसले. सवयीनं उजवा पाय खाली सोडला. टाच फरशीवर आपटली.

“लागलं काय?” कुसुमताईंनी विचारलं.

वामनरावांनी डावाही सोडून पाहिला.