आधार नसलेलं मखर

"केंद्र, समतोल, आधार, या सगळ्या माणसाच्या भ्रामक कल्पना आहेत," कोलकात्यातल्या बालीगंजच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात विहंगने जाहीर केलं, आणि त्याने उभारलेल्या मखराचा डावा खांब अलगद दिगंबरकाकांच्या खांद्यावर येऊन टेकला.

काका मंडळाचे चिटणीस. पोरगा आर्किटेक्चर शिकतोय म्हणून मखर त्याच्यावर सोपवलं, ही चूक त्यांचीच. आता खांब तिरके, कमान दोन तुकड्यांत आणि गणपतीचा पाटसुद्धा उतरता. मांडववाले निमाईदा तर सकाळी ते बघून, आपलीच माणसं चुकली असं समजून, हात जोडून माफी मागून गेले होते.

"अरे, निदान पाट तरी सरळ ठेवायचास!" काका खांब सावरत वैतागले.

"काका, हे डिकन्स्ट्रक्शन आहे, ठरलेली रचना मुद्दाम मोडून दाखवायची. तत्त्वज्ञानातून साहित्यात गेलं, तिथून आमच्याकडे आलं. सरळ रेषा म्हणजे सत्तेची दादागिरी."

"आणि मूर्ती कलंडली म्हणजे?"

"कलंडणं हीसुद्धा एक शक्यताच आहे."

"मुहूर्त टळतोय हो!" गुरुजी ओरडले. विहंगने ऐटीत मूर्ती उचलून पाटावर ठेवली. बाप्पा शांतपणे पुढे घसरू लागले. बायका किंचाळल्या. विहंगने झडप घालून मूर्तीला दोन्ही हातांनी कवटाळलं आणि तो तसाच उभा राहिला, घामाघूम.

"काका," तो पुटपुटला, "पाटाखाली घालायला जरा पुठ्ठा मिळेल का?"