फुलीचा बाप

कंपाउंडरने फुलीवर बोट टेकवलं. फुली गेली, नाव जागच्या जागी राहिलं.

"असं कसं?" त्याची मुलगी खुर्चीतून उठलीच. "आत्ता माझ्या हातून पाच वेळा गेलं!"

दवाखाना उघडायला अर्धा तास होता. दाराजवळच्या टेबलावर नवा टचस्क्रीन मांडला होता. त्यावर पेशंटची यादी, प्रत्येक नावापुढे एक बटण, बटणावर फुली. पेशंट आत घेताना डॉक्टरीणबाईंनीच बटण दाबायचं. नाव जायचं आणि खालची नावं वर सरकायची. हेच काम कंपाउंडर एकवीस वर्षं त्या टेबलापाशी स्टुलावर बसून, वहीत लाल पेन्सिलीने करत आला होता. आता मुलीने त्याचा प्रोग्रॅम लिहिला होता. तिचं हे पहिलंच काम. बाबांची उठबस वाचेल, गुडघ्यांना आराम पडेल, एवढंच तिच्या मनात.

डॉक्टरीणबाई काल त्याला वेगळंच बोलल्या होत्या. यादी नीट चालली तर सोमवारपासून दाराशी माणूस ठेवायचा नाही. नाही चालली तर वही आहेच. हे त्याने घरी सांगितलं नव्हतं.

तिचं बोट कुठे पडत होतं ते त्याने पाहिलं होतं. गप्पच राहिला असता तरी कुणी त्याला बोल लावला नसता. दहा वाजता यादीची फजिती झाली असती आणि त्याचं स्टूल वाचलं असतं. पण फजिती यादीची एकटीची थोडीच होणार होती?

"तू बटणाच्या कडेला दाबतेस," तो म्हणाला. "बाई घाईत असतात. त्या नेमकी फुली दाबणार."

मुलीने दोन्हीकडे दाबून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "घोळ माझाच आहे. ज्याच्यावर क्लिक होईल त्याचा बाप काढ, असं लिहिलंय मी."

"कुणाचा बाप काढतेस?"

"अहो, कोडमधला बाप! जे ज्याच्या आत, ते त्याचा बाप. बटणाचा बाप म्हणजे नावाची अख्खी ओळ, म्हणून कडेला दाबलं की ओळ जाते. फुलीचा बाप बटण. फुलीवर दाबलं की बिचारं बटणच जातं, नाव राहतं."

"मग बापाच्या नादी लागूच नकोस. थेट ओळ गाठ."

"तेच करते." तिने कोडमधली एक ओळ खोडून दुसरी लिहिली.

कंपाउंडरने फुलीच्या मधोमध दाबलं. नाव गेलं.

डॉक्टरीणबाई आल्या. खांद्यावरची बॅगही न उतरवता त्यांनी एकामागून एक तीन फुल्या दाबल्या. तिन्ही नावं गुमान गेली.

"झकास! चला कंपाउंडर, सोमवारपासून सुटलात तुम्ही." आणि त्या आत गेल्या.

मुलीला अर्थ लागायला जरा वेळ लागला.

"सुटलात म्हणजे? बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

तो वही ड्रॉवरमध्ये ठेवत होता.

"माहीत असून मला चूक दाखवलीत?" तिचा आवाज चिरकला. "अहो, मी काय करून बसले हे!"

"बाप काढलास," तो म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने तिच्या डोक्यात हलकी टपली मारली. "पण नाव काढलंस."