रिकामे कोपरे

सकाळी अकराला कोर्टाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. आत दोघंच होते: रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई आणि वर्षभर वेगळा राहणारा त्यांचा नवरा. दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरले.

"वर्गात अजून सांगतेस का, शेजारची जागा रिकामी असली की अणूतले इलेक्ट्रॉन जोडीने बसत नाहीत म्हणून?"

"सांगते. जागा संपल्या की मुकाट बसतात."

"भांडत नाहीत?"

"भांडतात. पण एकाची फिरकी सुलटी, दुसऱ्याची उलटी. निभतं."

"म्हणजे आपल्यासारखंच."

"आपलं निभलं कुठे?"

पंखा थांबला. आता हवा फक्त दाराच्या फटीतून येत होती. फटीपाशी बसलेल्या बाईंनी शेजारी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. तो तिथे टेकला.

वर शिपायाने त्यांच्या घटस्फोटाच्या दाव्याचा पुकारा केला. फटीतून तो स्पष्ट ऐकू आला. दोघांपैकी कोणीही ओ दिली नाही.